वर गेली

१४ मार्च, शनिवार. अंगणवाडी बंद करून दुपारी गच्चीवर हळद निवडायला बसले. समोर नर्मदा. ती मागच्या गल्लीत राहते. हळदीच्या दिवसांत ती माझ्याकडे येते, सोयाबीनच्या दिवसांत मी तिच्याकडे जाते. कामाची फेड कामानेच.

उकडलेली हळद दहा-बारा दिवस उन्हात पडली की तिचा आवाज बदलतो. ओली असते तेव्हा पायाखाली गप्प राहते. वाळली की हात फिरवला तरी खडखडते, आणि हळकुंड मोडलं तर खणकन वाजतं. हळकुंडं एका बाजूला, गोल गड्डे दुसऱ्या बाजूला, माती आणि मुळ्या तिसऱ्या बाजूला. डोकं लागत नाही, म्हणून सोबत दुसरंही काम करता येतं. कठड्याजवळ दगडाखाली मतदार यादी ठेवली होती. गावच्या यादीचं काम माझ्याकडे आहे. कोण वारलं, कोण लग्न होऊन गेलं, कोण अठराचं झालं हे घरोघर विचारून लिहायचं. यावर्षी पडताळणी पुन्हा आली आहे. नर्मदाला अख्ख्या गावाची खबर असते, तेव्हा अर्धी यादी गच्चीवरच उरकावी असा माझा बेत होता. मी नाव वाचायचं, तिने सांगायचं.

गडद्यांचं पान आलं. मी विचारलं, "बाळूची माय?"

नर्मदा मान वर न करता म्हणाली, "वर गेली."

आणि आम्हा दोघींचे हात थांबले.

हे दोन शब्द मी या आधी एकदा ऐकले आहेत, याच नर्मदाच्या तोंडून, याच बाईबद्दल. त्या वर्षी पोटनिवडणूक होती.

खासदारांची जागा मुदतीआधी रिकामी झाली होती आणि निवडणूक नेमकी हळदीत आली होती. गावात शिरलं की आधी वाफ लागायची. शेताशेतात हळद शिजत होती, ओल्या मातीचा आणि कच्च्या मुळांचा तो जड वास केसांत, कपड्यांत, भाकरीत. माणसं पिवळी, बैल पिवळे, दाराच्या कड्या पिवळ्या. अशात कोणाला निवडणूक सुचते? त्यात तो शब्द. हळद शिजवताना एकीने मला विचारलं, की पोटाची निवडणूक म्हणजे रेशनची का, आणि रेशनकार्ड घेऊन यायचं का. दुसरीने तिला गप्प केलं. सातबाऱ्यावर पोटहिस्सा असतो तसं हे, म्हणाली, मोठ्या निवडणुकीतून फुटून निघालेली धाकटी. मी शिकलेली बाई, पण मलाही याहून चांगलं सांगता आलं नसतं.

प्रचाराची जीप रोज अकराला यायची. त्या वेळी गावात वाळत घातलेली हळद आणि कुत्री एवढंच असायचं. जीप त्यांना हात जोडून जायची. मग कोणीतरी त्यांना अक्कल दिली असावी, कारण एक दिवस एका पक्षाचा माणूस थेट आमच्या शेतात आला. पांढरे कपडे, चारपाच जण मागे. हळद उत्तम आहे म्हणाला आणि जाणकारासारखं एक हळकुंड उचलून मोडायला गेला. ते नुकतंच कढईतून काढलेलं. मोडलं नाही, चेंबलं, आणि पिवळा रस बाहीवर उडाला. नर्मदा ढिगावरून म्हणाली, "साहेब, हळद लागली तुमाला. आता माघार न्हाई." तो चांगला माणूस होता, हसला. कोणाचा होता ते आठवत नाही. बाही आठवते.

निवडणूक हा शब्द बायकांच्या कामातून आला असावा असं मला वाटतं. तांदूळ निवडायचे, डाळ निवडायची, हळद निवडायची. निवडताना आपण चांगला दाणा शोधत नाही. खडा शोधतो, खडा काढला की उरतं ते चांगलं. याद्याही तशाच निवडायच्या असतात. मयत काढा, दुबार काढा, स्थलांतरित काढा. मी त्या कामात तरबेज होते आणि चुकले ती त्या तरबेजपणामुळेच.

चूक आधीच्या दिवाळीनंतरची. घरोघर फिरण्याचं काम चालू होतं. त्या सकाळी मी लागोपाठ चार मयत लिहून आले होते. पाचवं घर गडद्यांचं. कुलूप. शेजारी नर्मदा शेंगा तोडत बसली होती. बाळूची माय श्रावणात आजारी पडली होती, हिंगोलीला दवाखान्यात नेली होती, एवढं मला माहीत होतं. मी विचारलं, म्हातारी कुठाय. नर्मदा म्हणाली, "वर गेली." हनुवटीने दाखवलंसुद्धा, वर.

मी विचारलं, कधी. आठ-दहा दिस झाले, म्हणाली.

"लोळत तर नाही पडली ना?"

"न्हाई बाई. पायानं गेली. कोणालाच तकलीफ न्हाई."

मी म्हणाले, चांगलं झालं. नर्मदा म्हणाली, व्हय, चांगलंच झालं.

आता सांगायला हवं, की आमच्या गावाच्या उत्तरेला चढ आहे आणि चढावर माळ. त्या माळाला नाव नाही, गाव त्याला नुसतं 'वर' म्हणतं. दिवाळी झाली की मेंढ्या असलेली घरं कुलूप लावून मेंढ्या घेऊन वर जातात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तीस वर्षं या गावात नांदते आहे. पण हातात नाव कमी करण्याचा अर्ज होता आणि चार घरांत तेच लिहून आले होते. मी पाचव्यांदा 'मयत' लिहिलं. शेजाऱ्याची सही लागते म्हणून नर्मदाचा अंगठा घेतला. कागद तिला वाचून दाखवायचा असतो. वाचून दाखवला नाही. ऊन चढलं होतं आणि पुढे चाळीस घरं होती. गडद्यांच्या दाराला नोटीस लावली. ती वाचायला घरात कोणी नव्हतं.

पोटनिवडणूक लागली तशी याद्या गावात मोठ्याने वाचून दाखवा असा हुकूम आला. ग्रामपंचायतीसमोर बसलो. पुरुष पुढे, बायका मागे भिंतीला टेकून, सगळ्यांचे हात पिवळे. मी आधी नवीन नावं वाचली, मग कमी केलेली. नाव आणि कारण. चार नावं झाली. मग वाचलं, "गडदे धुरपताबाई सटवाजी. मयत."

मागून आवाज आला, "काहून?"

सगळे वळले. भिंतीपाशी, खांद्यावर घोंगडी टाकलेली, बाळूची माय बसली होती. मीठ-मिरची न्यायला त्याच सकाळी खाली उतरली होती, गर्दी दिसली म्हणून टेकली होती.

"म्या हाय की हितं," ती म्हणाली. रागाने नाही. बाजारात एखादीला चुकीची वाट सांगितली जात असली तर आपण दुरुस्त करतो, तसं.

मी नर्मदाकडे पाहिलं. नर्मदा माझ्याकडे पाहत होती. "म्या 'वर गेली' म्हणलं व्हतं, बाई," ती म्हणाली. "'वर गेली' थोडंच म्हणलं व्हतं?" गाव इतकं हसलं की पुढची यादी वाचायला दहा मिनिटं लागली. पुढे आठवडाभर म्हातारी दिसली की लोक विचारायचे, कवा आली वरून, देव कसा हाय. ती उत्तर द्यायची, "बरा हाय. तुमची वाट बघून राहिला."

मला हसू येत नव्हतं. नवीन नावाचे अर्ज घ्यायला दोन दिवस उरले होते. एकदा कमी झालेलं नाव परत चढवायचं तर नवीन मतदार म्हणून अर्ज करावा लागतो, आणि मेलेल्या माणसाचा अर्ज म्हटल्यावर कार्यालय माणूस समोर बघितल्याशिवाय घेणार नव्हतं. त्यात म्हातारी म्हणाली, मेंढरं व्याली आहेत, मला आजच वर जायचं, राहू द्या, पुढल्या बारीला बघू. मी तिला जाऊ दिलं नाही. माझी चूक होती, ती पुढल्या बारीपर्यंत ठेवायची नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला स्कूटीवर मागे बसवलं आणि सेनगावला तहसीलला नेलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पहिल्यांदा स्कूटीवर. दोन्ही हातांनी माझे खांदे असे धरले होते की चार दिवस दुखत होते. तिच्या घोंगडीला धुराचा आणि लोकरीचा वास होता. वाटेत एकदाच बोलली. म्हणाली, मेंढरू एवढं पळालं तर मरतं.

अर्ज घेणारा पोरसवदा कारकून नीट वागला. वय विचारलं, गाव विचारलं. मग विचारलं, पतीचं नाव. म्हातारी गप्प. त्याला वाटलं ऐकू येत नाही, त्याने ओरडून विचारलं. ती भिंतीकडे बघायला लागली. मी सांगायला गेले तर म्हणाला, अर्जदाराने स्वतः सांगायला पाहिजे. खेड्यातली जुनी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि नवरा जाऊन वीस वर्षं झाली म्हणून ते सुटत नाही. शेवटी ती त्याला समजुतीने म्हणाली, "लेकरू झाल्यावर पाचव्या दिशी जिला पुजतेत न्हाई का बाबा, तिचं."

कारकून पेन धरून तसाच बसला. पलीकडच्या टेबलावर एक बाई टाइप करत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "सटवाजी लिही."

परत येताना सेनगावच्या फाट्यावर चहा घेतला. मी तिला म्हणाले, माय, चूक माझी झाली. मीही तिला मायच म्हणते, सगळं गाव म्हणतं. तिने बशी खाली ठेवली. मी काहीतरी मोठं ऐकायची तयारी केली होती. लोकशाही वगैरे नाही, पण निदान हक्क. ती म्हणाली, मत कोणालाही गेलं तरी तिचं काही अडत नाही, माळावर खासदार येत नाही. मग थोडं थांबून म्हणाली, "मला सगळे बाळूची माय म्हणतेत. आधी सटव्याची... आधी त्यांची बाईल म्हणायचे. माझं नाव कोणी घेत न्हाई. मत द्यायला गेल्यावर तो साहेब घेतो. मोठ्यानं, धुरपताबाई म्हणून. तेवढं जाऊ नगं."

बोलता बोलता नवऱ्याचं नाव तोंडून निघालं, ते तिच्या लक्षात आलं की नाही कोणास ठाऊक.  मी चहाचे पैसे दिले आणि आम्ही निघालो.

हे मला माहीत होतं पण कधी ध्यानात आलं नव्हतं. मतदान केंद्रात पहिला अधिकारी मतदाराचं नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो. बसलेल्या पक्षांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं, खोटा मतदार असला तर हरकत घेता यावी, म्हणून. नियम संशयापोटी केलेला. म्हातारीने त्यातून भलतंच काढलं होतं. माझंही तेच आहे म्हणा. गावात मी अंगणवाडीची बाई, घरात आई, सासरी धाकटी. पण मला पगाराच्या हजेरीत नाव आहे, दर महिन्याला सही आहे. तिला एवढंच होतं.

मग मध्ये तीन आठवडे गेले. अर्ज मंजूर झाला की नाही ते पुरवणी यादी आल्याशिवाय कळणार नव्हतं. हळद शिजली, वाळली. एका दुपारी ढग आले, तेव्हा प्रचाराला आलेले लोकसुद्धा भाषण टाकून ताडपत्र्या ओढायला धावले. पाऊस आला नाही. पुरवणी यादी आली ती मतदानाच्या आठवड्यात. मी शाळेच्या पायरीवर उभी राहूनच उघडली. चौदा नवीन नावं. तेरा जण अठरा-एकोणीस वर्षांचे. शेवटचं, गडदे धुरपताबाई सटवाजी, वय अठ्ठ्याहत्तर. अनुक्रमांक नऊशे बारा. मला एकदम भूक लागली. घरी जाऊन दोन भाकरी खाल्ल्या.

मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या दाराशी कडुनिंबाखाली टेबल टाकून बसले होते, नाव शोधून द्यायला. सकाळी थोडे लोक आले, मग शुकशुकाट. पोटनिवडणुकीला गर्दी नसते. दहानंतर हळदीवरून थेट बायका आल्या. थोड्याच दिवसांपूर्वी जुन्या यादीवर दुसरी निवडणूक होऊन गेल्यामुळे शाई यावेळी मधल्या बोटाला होती. शाई लावायच्या आधी बोट पुसायचं फडकं असतं, ते अर्ध्या तासात हळदकुंकवाच्या ताटातल्यासारखं झालं. आतला अधिकारी बाहेर येऊन मला विचारून गेला की या गावात सगळ्यांना कावीळ आहे का.

नव्या मतदारांचं गुलाबाचं फूल देऊन स्वागत करावं अशी सूचना होती. चौदा फुलं आणली होती. तेरा वाटून झाली. पोरापोरींनी फुलांसोबत फोटो काढले. चौदावं पाण्यात होतं.

ती एकला आली. माळावरून चालत. लुगडं धुतलेलं, कपाळाला कुंकवाच्या जागी भंडारा. मी तिला फूल दिलं आणि सांगितलं, नव्या मतदारांना देतात. तिने फूल बघितलं, मला बघितलं. "लगीन लावता का माझं?" म्हणाली, आणि आत गेली.

मी कान लावून होते. आतला पहिला अधिकारी सकाळपासून बसून कंटाळलेला, उन्हाने कावलेला. म्हणाला, "नऊशे बारा."

 मग परत, "नऊशे बारा. आजी, पुढं व्हा."

तिचा आवाज आला. "नंबर एसटीला असतो बाबा. मला नाव हाय."

खिडकीतून मला तिची पाठ दिसत होती. ती हलली नाही. मागे दोन बायका उभ्या होत्या, त्याही हलल्या नाहीत. अधिकाऱ्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, यादीत बोट फिरवलं आणि वाचलं. आधी पुटपुटला. मग तिच्याकडे बघून काय वाटलं असेल ते असो, घसा खाकरून, शाळेत हजेरी घेतात तसं, दाराबाहेर माझ्यापर्यंत येईल असं म्हणाला, "गडदे धुरपताबाई सटवाजी."

"व्हय," ती म्हणाली आणि बोट पुढे केलं.

बाहेर आली तेव्हा मधल्या बोटाच्या नखावर काळी रेघ होती. तिने ती मला दाखवली नाही. फाटकापाशी कोणाचं तरी शेरडू बांधलं होतं. तिने गुलाब त्याला खाऊ घातला, देठ टाकून दिला आणि चढाला लागली.

त्या निवडणुकीत कोण आलं ते गावाला महिनाभर आठवत होतं. मला हळदीचं आठवतं. रंग चांगला उतरला होता.

तर या शनिवारी गच्चीवर, नर्मदा म्हणाली, वर गेली. मी पेन खाली ठेवलं.

"कुठं वर, ते नीट सांग."

नर्मदा या वेळी हसली नाही. यंदा म्हातारी खालीच राहिली होती, संक्रांतीनंतर अंथरुणाला होती, म्हणाली. बाळूने तिला निम्म्या चढापर्यंत टेम्पोत घालून आणि पुढे पाठीवर घेऊन माळावर नेलं, मेंढरांत बरं वाटेल म्हणून. त्याला महिना होऊन गेला. तिथून कोणी खाली आलेलं नाही, तिने काही ऐकलेलं नाही. काही झालं असतं तर कळलं असतं, असं म्हणाली, आणि मग, कळलंच असतं असंही नाही, असं म्हणाली. बाळूचा फोन लावला. माळावर रेंज नसते, लागला नाही.

मी यादी तिच्यापुढे केली, तर तिने दोन्ही पिवळे हात मागे घेतले.

"तुमीच बघून या बाई. म्या अंगठा देनार न्हाई."

आम्ही परत हळदीला लागलो. संध्याकाळपर्यंत गड्ड्यांचं पोतं भरलं.  यादीत तिच्या नावापुढचा रकाना कोरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सहाला स्कूटी काढली. रस्ता निम्म्या चढापर्यंत आहे, पुढे चालत. पळस फुललेला होता, पान एकही नाही. वर पोहोचले तेव्हा आधी मेंढ्या दिसल्या, मग पाल, मग पालाबाहेर उन्हाला पाठ देऊन घोंगडीत बसलेलं कोणीतरी. घोंगडीत माणूस फार थोडं उरलं होतं. जवळ गेले तर डोळे माझ्याकडे वळले, पण माझ्यावर थांबले नाहीत.

"कोन हाय?"

"मी, अंगणवाडीची. यादी घेऊन आले, माय."

"मग नाव घे की."

मी कागद काढला, खरं तर त्याची गरज नव्हती. उभी राहिले आणि माळावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गडदे धुरपताबाई सटवाजी."

दोन-चार मेंढ्यांनी माना वर केल्या.

"हाय," ती म्हणाली.

सुनेने चहा केला, तो घेतला. नऊला खाली आले. नर्मदा गच्चीवर येऊन बसली होती. मी जिना चढता चढता सांगितलं, वर आहे. ती म्हणाली, "मग लिवा तसं." यादीत तसा रकाना नाही. मी 'हयात' लिहिलं, कागद दगडाखाली ठेवला आणि उरलेली हळद निवडायला बसले.